गाडीची बैठक : रेंगीपासून मोटारीपर्यंत



मोटारगाडीची उंची कमी करण्यासाठीं तिच्या मूळच्या स्प्रिंगा काढून त्यांच्या जागीं आंखूड व कडक स्प्रिंगा बसविण्याची हौस अलीकडे शहरांतून बरीच दिसून येते. गाडी जमिनीलगत बसली म्हणजे ती दबा धरून बसलेल्या चित्त्यासारखी भासते, आणि तरुण दृष्टीस तें रूप मोहक वाटावें यांत नवल नाहीं. त्या हौसेची थट्टा करण्याचा आज माझा हेतु नाहीं. गाडी जमिनीपासून किती उंच असावी, हा प्रश्न आमच्या वऱ्हाडांत मोटारीच्या फार पूर्वींपासून विचारला गेलेला आहे, आणि प्रत्येक काळानें आपल्या रस्त्याकडे पाहून त्याचें उत्तर दिलेलें आहे. तीं उत्तरें कोणतीं होतीं, आणि तीं मोडलीं असतां पांच-दहा वर्षांनीं गाडीचें काय होतें, हें सांगण्याचें योजिलें आहे.

उदाहरण मीं लोणारचें घेतों, कारण तेथील रस्ते मला पायाखालचे आहेत. लोणार हें बुलढाणा जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. उल्केच्या आघातानें बसाल्ट खडकांत पडलेलें तेथील विवर जगप्रसिद्ध आहे. त्याचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर असून तळाशीं खाऱ्या पाण्याचें सरोवर आहे. १८२३ सालीं सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानें त्याची नोंद केली, आणि २०२० सालीं त्या सरोवरास रामसर पाणथळ म्हणून मान्यता मिळाली. परंतु गाडीवानाच्या दृष्टीनें त्या मुलखांतील महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. खालीं काळा कातळ आणि वर काळी माती, अशी तेथील भूमीची घडण आहे. ही माती पाऊस पडला कीं फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ता दरवर्षीं कोठें किंचित् उचलला जातो, तर कोठें किंचित् बसतो. वरून डांबर कितीहि गुळगुळीत दिसो, खालची जमीन श्वासोच्छ्वास करीतच असते. ज्यांनीं वऱ्हाडांत पावसाळ्यानंतर प्रवास केला आहे, त्यांस त्या लाटा कमरेनें ठाऊक आहेत.

या जमिनीस आमच्या पूर्वजांनीं दिलेलें पहिलें उत्तर म्हणजे उंच चाक. मालासाठीं बंडी, माणसांसाठीं रेंगी, छकडा व दमणी. यांपैकीं कोणत्याहि वाहनास स्प्रिंग नव्हती. चाक मात्र चार-पांच फूट व्यासाचें, म्हणजे आंस जमिनीपासून दोन फुटांहून अधिक वर. एवढें मोठें चाक करणें सुताराच्या जिवावर येई, लांकूड अधिक लागे, लोखंडी धाव मोठी लागे. तरी तें लहान करावें असें कोणास वाटलें नाहीं. त्याचीं कारणें दोन. मोठें चाक खड्ड्यांत खोल उतरत नाहीं. लहान चाक ज्या खळग्यांत पडतें तो मोठें चाक वरच्यावर ओलांडतें. दुसरें कारण चाकोरीचें. आज आपण 'चाकोरीबाहेरचा विचार' असें सहज म्हणतों, परंतु चाकोरी ही प्रत्यक्ष वस्तु होती. ओल्या काळ्या मातींत गाड्यांमागून गाड्या गेल्या कीं दोन्ही बाजूंस चर पडत, आणि मधोमध मातीची वरंबी उभी राही. चाक चरांत जितकें खालीं जाई, तितकी ती वरंबी आंसाच्या जवळ येई. आंस वरंबीस टेकला कीं बैलांचें बळ संपलें. गाडीच्या पोटाखालीं मोकळी जागा किती हवी, हें गणित वऱ्हाडच्या सुतारानें असें चिखलांत सोडविलेलें होतें.

लोणारच्या बाबतींत या वाहतुकीस एक जादा अंग होतें. सरोवराच्या कांठचे क्षार काढून बाहेर विकण्याचा व्यापार तेथें शतकानुशतकें चाले. कांच व साबण करण्यास उपयोगी असे पदार्थ येथें मिळतात, ही गोष्ट 'आईन-ए-अकबरी'नेंहि नमूद केली आहे. विवराचा चढ चढून आलेला तो माल पुढें काळ्या मातीच्या वाटेनें बाजारास जावयाचा. तेव्हां ओझें आणि वाट या दोहोंचा मेळ घालूनच गाडीची उंची ठरत असे.

स्प्रिंगेचा इतिहास निराळ्या दिशेनें आला. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालीं स्प्रिंगेसंबंधींचा आपला नियम सविस्तर प्रसिद्ध केला. स्प्रिंग जितकी दाबावी अथवा ताणावी तितक्या प्रमाणांत तिचा प्रतिकार वाढतो, हें त्याचें सार. शाळेंत हा नियम आपण सर्वांनीं पाठ केलेला आहे. त्याचें पुढें काय करावयाचें हें मात्र बहुतेकांस कोणी सांगत नाहीं. आज त्याचा थोडा उपयोग करावयाचा आहे, म्हणून तो ध्यानांत ठेवावा. एकोणिसाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं ओबडाया इलियट नांवाच्या लंडनच्या गाडी करणाऱ्यानें लांबट कमानीच्या, पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा गाडीखालीं बसविल्या, आणि थोडक्याच काळांत त्याच सुमारास सुधारत चाललेल्या खडीच्या रस्त्यांवर त्यांचा प्रसार झाला. आपल्याकडे टांग्याबरोबर याच कमानी गांवोगांव पोहोंचल्या. मराठींत स्प्रिंगेस 'कमान' हा शब्द रुळला तो या आकारामुळेंच. मिस्त्री लोक अजूनहि मालमोटारीच्या स्प्रिंगेस 'कमानपाटा' म्हणतात.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. उंच चाक खड्डा टाळतें, आणि कमान खड्डा पचविते. पचविण्यासाठीं कमानीस वरखालीं हलावयास जागा लागते. ती जागा नसेल तर उत्तमांतली उत्तम कमान निव्वळ लोखंडाचा ठोकळा होय.

मोटार करणाऱ्यांनीं हें प्रथमपासून ओळखलें होतें. हेन्री फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ पासून १९२७ पर्यंत निघत होती आणि तिच्या दीड कोटि प्रती खपल्या. ती आज आपणांस विलक्षण उंच व काटकुळी दिसते. तिच्या पोटाखालीं सुमारें दहा इंच मोकळे होते, कारण ती अमेरिकेंतील शेतकऱ्यांच्या कच्च्या वाटांसाठीं काढलेली होती. पुढें रस्ते सुधारले तशा गाड्या खालीं आल्या. १९३० नंतर मॉरिस ऑली या अभियंत्यानें जनरल मोटर्स कंपनींत प्रयोग करून दाखविलें, कीं गाडीची बैठक मऊ असावी, पुढच्या व मागच्या स्प्रिंगांचें एकमेकींशीं प्रमाण जमलेलें असावें, आणि पुढचीं दोन चाकें एकमेकांपासून स्वतंत्र हलावीं. १९३४ पासून त्या कंपनीच्या गाड्यांत पुढें गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या. १९५० च्या सुमारास अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची सुटसुटीत रचना फोर्डच्या इंग्लंडमधील गाड्यांत अवतरली. तिच्यांत स्प्रिंग व धक्काशोषक मिळून एकच खांब होतो आणि खालून एक आडवा हात चाकास धरून ठेवतो. १९८३ सालीं आलेल्या मारुती ८०० पासून आजच्या बहुतेक लहान गाड्यांपर्यंत पुढच्या चाकांस हीच रचना आहे. आजच्या विषयाचें मर्म तिच्यांतच आहे.

मधल्या काळांत आपल्या रस्त्यांवर ॲम्बॅसडर आणि मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यांतून निघणारी पद्मिनी यांचें राज्य होतें. दोन्ही गाड्यांस मागें कमानपाटेच होते. पद्मिनीस पुढें गुंडाळीच्या स्प्रिंगा, तर ॲम्बॅसडरीस पिळल्या जाणाऱ्या पोलादी दांड्या. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर एस. टी. ची पहिली गाडी धांवली, तिच्याखालींहि पाटेच होते. या गाड्यांच्या अवजडपणास लोक हंसत; परंतु खेड्याच्या वाटेवर त्या पोट न घांसतां जात, ही गोष्ट हंसणाऱ्यांस कबूल करावी लागे. आजहि कित्येक परदेशी कंपन्या आपली गाडी भारतांत विकतांना ती मुद्दाम थोडी उंच करून पाठवितात. त्यांस आपल्या रस्त्यांची माहिती आपल्या हौशी तरुणांहून अधिक आहे असें म्हणावें लागतें.

मग गाडी खालीं आणण्याची कल्पना निघाली कोठून? एक उगम शर्यतींत आहे. शर्यतीच्या मैदानावर रस्ता आरशासारखा असतो, ओझें ठरलेलें असतें, आणि गाडीचा गुरुत्वमध्य खालीं आला तर वळणावर खरोखरच लाभ होतो. दुसरा उगम अधिक मनोरंजक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियांतील लॉस अँजेलिस शहरीं मेक्सिकन वंशाच्या तरुणांनीं जुन्या गाड्या विकत घेऊन त्या खालीं आणण्यास आरंभ केला. कोणी मागच्या पेटींत वाळूचीं पोतीं भरीत, कोणी स्प्रिंगेचे वेढे कापून टाकीत. गाडी वेगानें हांकणें हा त्यांचा उद्देशच नव्हता. रविवारीं सायंकाळीं रस्त्यानें अगदीं संथ जावें आणि लोकांनीं पाहावें, एवढ्यासाठीं तो खटाटोप. १ जानेवारी १९५८ पासून त्या राज्यानें कायदा केला, कीं चाकाच्या लोखंडी कड्याच्या खालच्या टोकाहून गाडीचा कोणताहि भाग खालीं असतां कामा नये. त्यावर रॉन अगिरे नांवाच्या तरुणानें १९५९ सालीं आपल्या कॉर्व्हेट गाडीस तेलाच्या दाबानें चालणारी यंत्रणा बसविली. कळ दाबतांच गाडी वर, कळ दाबतांच खालीं. पोलीस दिसला कीं गाडी कायदेशीर उंचीवर येई! तें कलम १ जानेवारी २०२४ पासून रद्द झालें आहे. या हकीकतींतील मला आवडणारा भाग पोलिसांस चकविण्याचा नव्हे. गाडी खालीं असावी ती दाखविण्यापुरती, आणि रस्ता खराब लागला तर ती वर घेतां आली पाहिजे, हें त्या कारागिरांस उमगलें होतें. स्थिर आंखूड स्प्रिंगेंत ही सोय नाहीं.

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. गाडी खालीं आणण्याच्या तीन रीती आहेत, आणि त्या तिहींचे परिणाम सारखे नाहींत.

सर्वांत वाईट रीत स्प्रिंग तापवून बसविण्याची. स्प्रिंगेचें पोलाद तापवून, विझवून, पुन्हां ठराविक उष्णतेपर्यंत तापवून सिद्ध केलेलें असतें. आमच्याकडील लोहार यालाच पाणी देणें म्हणतात. विळ्याचें पाणी उतरलें तर तो कापावयाचा नाहीं, हें लोहाराच्या पोरासहि ठाऊक असतें. गॅसच्या ज्योतीनें स्प्रिंग लाल करून बसविणारा मनुष्य तिचें पाणी उतरवीत असतो. अशी स्प्रिंग पहिल्या दिवशीं हवी तेवढी खालीं येते, आणि पुढें वर्षभर न विचारतां आणखी खालीं येत राहते. तीहि दोन्ही बाजूंस सारखी नव्हे.

दुसरी रीत वेढे कापण्याची. गुंडाळीच्या स्प्रिंगेचा कडकपणा तिच्या वेढ्यांच्या संख्येवर व्यस्त प्रमाणांत अवलंबून असतो. सहा वेढ्यांपैकीं एक कापला तर स्प्रिंग एक-पंचमांशानें अधिक कडक होते. परंतु मूळच्या स्प्रिंगेचें टोंक तिच्या बैठकीच्या वाटींत नीट बसेल अशा आकारानें घडविलेलें असतें, तें कापल्यावर राहत नाहीं. कापल्या जागीं रंग जातो, गंज धरतो, आणि गंजाच्या सूक्ष्म खांचेपासूनच पोलादास तडा जाण्यास आरंभ होतो. शिवाय चाक खड्ड्यांत लोंबकळलें असतां आंखूड झालेली स्प्रिंग बैठकींतून सुटण्याचा संभव असतो.

तिसरी रीत म्हणजे कारखान्यांत मुद्दाम तयार केलेली आंखूड स्प्रिंग. हिच्यांत वरील दोष नाहींत. तारेची जाडी एक-दशांशानें वाढविली तर कडकपणा जवळजवळ दीडपट होतो, कारण तो जाडीच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणांत असतो. तेव्हां कसलेला कारखानदार हवी तशी स्प्रिंग घडवूं शकतो. तिला जुळणारा धक्काशोषक बरोबर घेतला आणि गाडी गुळगुळीत रस्त्यावरच चालविली, तर ती पुष्कळ वर्षें नीट चालेल, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. परंतु बहुतेक ठिकाणीं स्प्रिंग तेवढी नवी येते आणि बाकी सर्व जुनें राहतें. दुखणें सुरू होतें तें येथें.

हूकच्या नियमाचा उपयोग आतां करूं. समजा, चाक वर जाण्यास मूळ गाडींत ८० मिलिमीटर जागा होती, आणि गाडी ३५ मिलिमीटर खालीं आणली. राहिले ४५. धक्क्याची शक्ति स्प्रिंग जितकी दाबली जाते त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत पचविली जाते. ८० चा वर्ग ६४००, आणि ४५ चा वर्ग २०२५. तोच धक्का कमी जागेंत पचवावयाचा तर स्प्रिंग तिपटीहून अधिक कडक पाहिजे. तेवढी कडक स्प्रिंग कोणी बसवीत नाहीं, कारण मग आंत मनुष्यास बसवणार नाहीं. साधारणपणें ती पांचवा-चौथा हिस्सा अधिक कडक असते. उरलेला धक्का कोठें जातो? धक्काशोषकाच्या दांडीवर एक रबरी ठोकळा असतो, त्याच्यावर. हा ठोकळा वर्षांतून कधीं काळीं लागणाऱ्या मोठ्या धक्क्यासाठीं ठेवलेला असतो, आणि आतां तो रोज मार खातो. वर्ष-दीड वर्षांत तो चुरगळतो. त्यानंतर तोच मार लोखंडावर, खांबाच्या वरच्या रबरी बैठकीवर आणि गाडीच्या सांगाड्यावर जातो.

मिस्त्री ज्यास 'शॉकअप' म्हणतात तो धक्काशोषक दुसऱ्या रीतीनेंहि झिजतो. त्याचें काम स्प्रिंगेची उसळी आवरण्याचें. मऊ स्प्रिंगेसाठीं योजलेल्या शॉकअपास कडक स्प्रिंग आवरत नाहीं, आणि त्याची दांडी नळींत नेहमींच्या जागेहून खालीं, आंखूड टप्प्यांत, अधिक वेळां हलते. कालांतरानें तेलाची सील गळूं लागते. नवी स्प्रिंग बसविल्याबरोबर गाडी घट्ट व चपळ वाटते, आणि दोन-तीन वर्षांनीं तीच गाडी लाटेवर होडीसारखी हेलकावे खाते, यांतलें रहस्य हें आहे. मालक स्प्रिंगेस दोष देत नाहीं. तो रस्त्यास देतो.

याहून सूक्ष्म परिणाम कोनांचे आहेत. गाडी खालीं आली म्हणजे चाकास धरणारा खालचा हात आडवा न राहतां चाकाकडे वर चढतो. त्याचे रबरी बुश व चेंडूसांधे आतां कायमचे पिळलेल्या स्थितींत काम करतात. सुकाणूच्या दांड्यांचा कोन बदलून चाकांचीं तोंडें किंचित् आंत अथवा बाहेर वळतात, आणि चाकाचा माथा आंत झुकतो. पुढचीं चाकें अलाइनमेंट करून बरीचशी सरळ करतां येतात; परंतु पुष्कळ लहान गाड्यांच्या मागच्या चाकांचा कोन बदलण्याची सोयच ठेवलेली नसते. मग टायर आंतल्या कडेनें झिजतो. हा झीज होणारा भाग बाहेरून दिसत नाहीं. बाहेरून टायरवर नक्षी चांगली असते, आणि आंतल्या बाजूस धागे उघडे पडलेले असतात.

आणि ज्या स्थैर्यासाठीं हें सर्व केलें, तें तरी पुरें पदरीं पडतें का? मॅकफर्सन रचनेंत एक विचित्र गोष्ट घडते. वळणावर गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोंवतीं कलते, तो बिंदु खालच्या हाताच्या कोनावर अवलंबून असतो. गाडी जितकी खालीं येते त्याहून तो बिंदु पुष्कळ अधिक खालीं जातो. म्हणजे कलण्याची तरफ लांब होते, आणि स्प्रिंग कडक केल्यानें जें मिळविलें त्यांतील बराच भाग या तरफेनें परत जातो. शर्यतीच्या गाड्यांत याकरितां सांधे मुळांतूनच हलवून बसवितात. रस्त्यावरच्या गाडींत तें कोण करणार?

आतां पोटाखालच्या जागेचा हिशेब पाहूं. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेप्रमाणें गतिरोधक १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा भाग, ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असावा. शाळेंतील भूमितीनें पडताळा घेतला, तर चाकांत अडीच मीटर अंतर असलेली गाडी अशा गतिरोधकावर मधोमध उभी असतां तिच्या पोटाखालचे सुमारें ४६ मिलिमीटर खर्ची पडतात. हा गतिरोधक कोणत्याहि गाडीस त्रास देणार नाहीं. पण खेड्याच्या वेशींत, शाळेपुढें, देवळापुढें जे गतिरोधक लोकांनीं अपघातांस भिऊन घातलेले असतात, ते कित्येकदां हात-दोन हात रुंद आणि तितकेच दहा सेंटिमीटर उंच असतात. तेथें गाडीचीं चारहि चाकें सपाटीवर आणि गतिरोधक पोटाखालीं, म्हणजे पुरे १०० मिलिमीटर खर्च. रिकाम्या लहान गाडीच्या पोटाखालीं १७० मिलिमीटर असतील, तर पांच माणसें व सामान घेतल्यावर १३० च्या आसपास उरतात, ती निभावते. ३५ मिलिमीटर खालीं आणलेल्या गाडीच्या पोटाखालीं, कडक स्प्रिंग कमी दबते हें जमेस धरूनहि, १०५ च्या आंतबाहेर उरतात. गाडी किंचित् उसळली, कीं इंजिनाखालचें तेलाचें 'चेंबर' घांसलें. एकदां घांसल्यानें तें फुटत नाहीं. पांच वर्षें रोज दोन वेळां घांसलें म्हणजे पत्रा पातळ होतो, निचऱ्याचा बोल्ट झिजून सैल होतो, आणि एखाद्या उन्हाळी दुपारीं इंजिन तेलाविना चालूं लागतें.

लोणारसारख्या गांवीं हा प्रश्न अलीकडे निराळ्या रीतीनें तीव्र झाला आहे. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धि महामार्ग बुलढाणा जिल्ह्यांतील मेहकर, लोणार, सिंदखेडराजा व देऊळगावराजा या तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर-शिर्डी भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. त्यावर मोटारीस ताशीं १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. शहरांतून सरोवर पाहावयास निघालेली मंडळी कित्येक तास त्या काँक्रीटवरून धांवतात, आणि मेहकरजवळ उतरून लगेच काळ्या मातीवरच्या रस्त्यास लागतात. एकाच दिवसांत गाडीची परीक्षा दोन टोंकांस होते. आंतल्या कडेनें झिजलेला टायर वऱ्हाडच्या उन्हांत तापलेल्या काँक्रीटवर ताशीं १२० नें धांवत असतां जो धोका उत्पन्न करतो, तो शहरांतल्या ताशीं तिशीच्या रहदारींत कधींच दिसलेला नसतो. मला सर्वांत भय वाटतें तें याचें.

कायद्याचें थोडक्यांत सांगतों. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, कारखानदारानें ठरविलेल्या व नोंदणीपत्रांत उतरलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या कलमाचा कडक अर्थ लावून दिला. त्याच वर्षाच्या दुरुस्तीनें विनापरवाना फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा प्रत्येक फेरफारामागें ५००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली आहे. गाडीचा नमुना बाजारांत येण्यापूर्वीं त्याची चांचणी होते. पुण्यास १९६६ मध्यें स्थापन झालेली ए. आर. ए. आय. ही संस्था हें काम करणाऱ्यांपैकीं एक. ब्रेक, दिव्याच्या झोताची दिशा, हें सर्व मूळ उंचीस धरून तपासलेलें असतें. पुढची बाजू अधिक खालीं गेली तर झोतहि खालीं येतो, आणि रात्रीं जेवढें लांबवर दिसावयास हवें तेवढें दिसत नाहीं.

कायद्याच्या हातीं न लागणारी एक गोष्ट मात्र राहते. हौस सरली, लग्न झालें, घरांत मूल आलें, कीं तरुण मालक मूळच्या स्प्रिंगा पुन्हां बसवून गाडी विकून टाकतो. गाडीची उंची पूर्ववत् होते. झिजलेले बुश, गळके शॉकअप, चुरगळलेले ठोकळे व पातळ झालेलें चेंबर पूर्ववत् होत नाहीं. शहरांतील जुन्या गाड्या पुष्कळदां तालुक्याच्या गांवीं येतात, कारण तेथील शिक्षकास, दुकानदारास, शेतकऱ्यास नवी गाडी झेपत नाहीं. हौस एकानें केली, आणि तिचें बिल दुसऱ्याच्या दारांत, खराब रस्त्यावर, कुटुंब गाडींत बसलेलें असतां येतें. माझ्या भाच्यानें घेतलेली एक जुनी गाडी अशीच निघाली. दिसावयास निर्मळ, कागदपत्रें चोख. तीन महिन्यांत मागचे दोन्ही टायर आंतून धाग्यावर आले. मिस्त्रीनें गाडी वर उचलली तेव्हां चारहि शॉकअप तेलानें माखलेले आणि स्प्रिंगा मात्र अगदीं कोऱ्या रंगाच्या, हा विसंवाद त्याच्या ध्यानांत आला. "मामा, स्प्रिंगा नव्या आहेत म्हणून मी खूष होतों," असें भाचा म्हणाला. दुरुस्तीस जो खर्च आला, तो त्यानें गाडी घेतांना घासाघीस करून वांचविलेल्या रकमेहून बराच अधिक होता.

ज्यांस जुनी गाडी घ्यावयाची आहे त्यांच्यासाठीं म्हणून सांगतों. पुढचें सुकाणू पूर्ण वळवून टायरच्या आंतल्या कडेवरून बोटें फिरवावीं. मागच्या टायरकरितां खालीं वांकून पाहावें. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कमानीपर्यंतचें अंतर डावीकडे व उजवीकडे मोजून ताडून पाहावें. स्प्रिंगेचें खालचें टोंक वाटींत बसलें आहे कीं कापलेलें दिसतें, याकडे नजर टाकावी. गाडीच्या वयाच्या मानानें स्प्रिंगेचा रंग फार ताजा असेल तर मूळ मालकास कारण विचारावें. चेंबरावर लांब ओरखडे आहेत काय, हें उजेडांत पाहावें. आणि चालवून पाहतांना एकट्यानें जाऊं नये. आंत चार माणसें बसवून गाडी एखाद्या अरुंद गतिरोधकावरून हळू न्यावी, कारण रिकाम्या गाडींत रबरी ठोकळ्याचा आवाज येत नाहीं.